नुसती फॉर्मॅलिटी

गोडबोले हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. गोदामातल्या हमालांनी त्यांना गोडबोले केलं, मग मालकही तसंच हाक मारू लागले, आणि शेवटी बायकोसुद्धा चिडली की दारातच म्हणायची, "या, गोडबोले, या!" एखाद्याच्या जिभेवर साखर असते म्हणतात. यांच्या जिभेवर अख्खं पोतं ओतलेलं होतं.

गोदाम लोकांचं सामान भाड्याने सांभाळायचं. कुणाची बदली झालेली, कुणाच्या घराची पाडापाड निघालेली, कुणी भावाशी भांडून वेगळा झालेला आणि अजून जागा न मिळालेला. अशी माणसं टेम्पोतून सामान घेऊन यायची. आपला संसार परक्याच्या हवाली करताना माणूस जसा होतो तशी ती झालेली असायची, म्हणजे चिडकी, धास्तावलेली, एकाच खुर्चीबद्दल पुन्हा पुन्हा बजावणारी. दाराशीच लाकडी काउंटर, वर करकरणारा पंखा आणि काउंटरमागे गोडबोले. ते आधी पाण्याचा ग्लास पुढे करायचे, मग स्टूल, मग दोन शब्द. "अहो ताई, काळजीच सोडा. तुमच्या कपाटाला इथे माहेरी आल्यासारखं वाटेल." ताई हसल्या की गोडबोले एक पिवळा कागद हळूच पुढे सरकवायचे. सहीच्या जागी त्यांनी आधीच पेन्सिलने फुली मारून ठेवलेली असायची.

"इथे एक सही. काही नाही हो, नुसती फॉर्मॅलिटी."

कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक परिच्छेद छापलेला होता. आग, पाणी, वाळवी, उंदीर, चोरी, हाताळणी किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणाने, अगदी कंपनीच्या हलगर्जीपणामुळेसुद्धा, सामानाचं नुकसान झालं तर कंपनी जबाबदार राहणार नाही. थोडक्यात, सांभाळायचे पैसे घ्यायचे आणि सांभाळलं नाही तर हात वर करायचे. नोकरीला लागले त्या आठवड्यात गोडबोल्यांनी ते एकदा वाचलं होतं आणि त्यांना कसंसंच झालं होतं. त्यांनी मालकांना विचारलं, तर मालक म्हणाले, "अहो, सगळेच छापतात. सही झाली की आपण सुटलो. तुम्ही फक्त सही घ्या." त्यानंतर गोडबोल्यांनी तो कागद कधी उलटा केला नाही. जे वाचलंच नाही त्याची लाज कशी वाटणार, अशी सोय त्यांनी स्वतःपुरती करून ठेवली होती आणि ती इतकी वर्षं बिनबोभाट चालली होती.

मग एका दुपारी एक उंच, जरासे वाकलेले म्हातारे गृहस्थ काउंटरशी आले आणि म्हणाले, "मला पाय ठेवायचेत."

"ठेवा की, काका!" गोडबोले म्हणाले. "पाय ठेवायला कोण नको म्हणतंय? जमीन आपलीच आहे."

म्हातारे मनापासून हसले. मग त्यांनी हमालाने उतरवलेल्या एका खोक्याचं झाकण उचलून दाखवलं. आत खरोखरच पाय होते. लाकडाचे, घासून गुळगुळीत केलेले, जोडीजोडीने दोरीने बांधलेले. एक जोडी दुसरीसारखी नव्हती आणि बऱ्याच जोड्यांमध्ये डावा उजव्यासारखा नव्हता. म्हातारे बूट शिवायचे, पण दुकानात टांगून विकायचे बूट नव्हे. ज्यांचा पाय आखूड आहे, वाकडा आहे, बोटं गेलेली आहेत, ज्यांना बाजारातला कुठलाच बूट होत नाही, अशा लोकांचे. प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा ते स्वतः कोरायचे, घालून बघायला लावायचे, पुन्हा कोरायचे. त्यांचं दुकान ज्या इमारतीत होतं ती पाडून नवी बांधणार होते. तोवर साचे कुठेतरी कोरड्यात ठेवायचे होते.

"ही शाळेतली बाई," डावा आखूड असलेली एक जोडी हातात घेऊन ते म्हणाले. तळव्यावर पेन्सिलने नाव लिहिलेलं होतं. "हिचा साचा तिसऱ्या खेपेला जमला. पण जमला त्या दिवशी दुकानातून घरापर्यंत चालत गेली. आणि हे आमचे टपालवाले. यांना बोटं दोनच. माणूस आला नाही तरी माझं अडत नाही, त्याचा पाय माझ्याकडे असतो."

मग ते काउंटरवरून वाकून गोडबोल्यांच्या पायांकडे बघायला लागले. "तुम्ही डाव्या टाचेवर जास्त भार टाकता. कंबर दुखत असेल."

"दुखते हो! तुम्हाला कसं कळलं?"

"बूट सांगतो. नवं दुकान झालं की या एकदा. बघून देतो."

गोडबोल्यांनी आनंदाने चहा मागवला. चहा पिता पिता पिवळा कागद पुढे सरकवला. म्हाताऱ्यांनी पेन घेतलं, पण सही करायच्या आधी कागद उलटा केला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि पुन्हा जवळ आणला.

"मागे काय लिहिलंय हो? चष्मा सामानात गेला माझा."

विचारणारा हा पहिलाच माणूस होता अशातला भाग नाही. कधीमधी कुणीतरी विचारायचंच, आणि गोडबोल्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "ते होय! ते काचसामानासाठी आहे. कपबशी फुटली, आरसा तडकला तर उगाच वाद नको म्हणून. तुमचं काय, सगळं लाकडी. काही नाही हो, नुसती फॉर्मॅलिटी."

"असं होय," म्हातारे म्हणाले, आणि फुलीवर त्यांनी टपोऱ्या अक्षरांत सही केली.

गोदामातल्या पुढच्या रांगा सामानाने भरलेल्या होत्या. मोकळा होता तो एकदम मागचा कोपरा, आणि त्या कोपऱ्यावरून पाण्याचा पाइप जायचा. पाइपचा सांधा ठिबकत होता. गोडबोल्यांना ते ठाऊक होतं, कारण खाली बादली त्यांनीच ठेवायला लावली होती. मालकांनाही ठाऊक होतं. "बघू, प्लंबरला बोलावू," असं ते दर वेळी म्हणायचे. गोडबोल्यांनी हमालांना खोकी त्या कोपऱ्यात रचायला सांगितली. जागा झाली की पुढे आणू, असं मनाशी ठरवलं आणि विसरूनही गेले.

जोडून सुट्ट्या आल्या. गोदाम बंद होतं. त्यातच कधीतरी तो सांधा निसटला. कुलूप उघडलं तेव्हा मागच्या कोपऱ्यात पाणी साचलं होतं आणि खालची खोकी त्यात कधीची बुडून होती, वरची धारेखाली भिजून गेली होती.

म्हातारे निरोप मिळताच आले. या वेळी डोळ्यांवर चष्मा होता. त्यांनी एक साचा उचलला. लाकूड फुगून मधोमध चिरलं होतं, टाचेशी चिकटवलेला चामड्याचा थर सुटून लोंबत होता. त्यांनी तो उलटा करून तळवा बघितला. नाव धुऊन गेलं होतं. त्यांनी अंगठ्याने तो सगळीकडून चाचपला, एखाद्या आंधळ्याने चेहरा चाचपावा तसा, आणि स्वतःशीच विचारलं, "ही कोण?"

गोडबोले शेजारीच उभे होते. 

मालकांनी मात्र लगेच पिवळा कागद काढला, उलटा केला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "काका, वाईट वाटतं. पण ही बघा अट. पाणी. आणि ही तुमची सही." म्हाताऱ्यांनी ते सगळं शेवटपर्यंत वाचलं. मग मान वर करून गोडबोल्यांकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "तुम्ही तर काचसामानाचं म्हणाला होतात ना?"

मालकांनीही गोडबोल्यांकडे पाहिलं. गोडबोल्यांनी काउंटरचा खण उघडला आणि त्यात काहीतरी शोधायला लागले. "म्हणजे... काका, तसं साधारण..." असं काहीसं पुटपुटले. खणात शोधण्यासारखं काहीच नव्हतं. त्या खणात मान घालून उभं राहिल्याची आठवण त्यांना पुढे जेवताना यायची, अंघोळ करताना यायची, आणि आली की मान आपोआप खाली जायची.

प्रकरण कोर्टात गेलं. मालकांच्या वकीलबाई हुशार होत्या आणि कामाचं तेवढंच बोलायच्या. आपल्या ऑफिसात त्यांनी मालक आणि गोडबोल्यांना समोर बसवून सांगितलं, "सही ती सही. वाचली नाही, दिसली नाही, चष्मा नव्हता, यातलं काहीही सहसा चालत नाही. मोठ्या माणसाने सही केली की कागद त्याला बांधतो. आपल्याला धोका एकच आहे. त्याने अर्थ विचारला आणि आपल्याच माणसाने चुकीचा सांगितला असेल, तर मग त्या अटीच्या आड आपल्याला लपता येत नाही. छापलेलं एक आणि सांगितलेलं दुसरं, तर कोर्ट सांगितलेलं धरतं." मग त्या गोडबोल्यांकडे वळल्या. गोडबोल्यांनी तोंड उघडलं. "थांबा," बाई म्हणाल्या. "मला काही सांगू नका. आठवत नसेल तर तिथे आठवत नाही म्हणा. इतक्या लोकांच्या सह्या घेता, कुणाला काय म्हणालात ते कसं आठवणार? हो ना?"

"हो ना," मालक म्हणाले.

गोडबोल्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. मालक वाईट माणूस नव्हता. जुना कारखाना बंद पडल्यावर गोडबोले दारोदार फिरत होते तेव्हा यानेच काउंटरवर बसवलं होतं. आणि आता पंचावन्नाच्या पुढे, गोड बोलण्याखेरीज दुसरं काही येत नसलेल्या माणसाला कोण नोकरी देणार होतं?

घरी ते आरशासमोर उभं राहून घोकत होते. "आठवत नाही. मला नक्की आठवत नाही." मागून बायको आली.

"काय आठवत नाही?"

त्यांनी सांगितलं. ती पदराला हात पुसत तशीच उभी राहिली. "तुम्हाला आठवत नाही? माझ्या मावसबहिणीच्या जुन्या घराचा फोन नंबर अजून तोंडपाठ आहे तुम्हाला. लग्नात माझ्या काकांनी तुम्हाला खुर्ची दिली नव्हती, तेही आठवतं."

"अगं, नोकरीचा प्रश्न आहे."

"मग तसं म्हणा ना. आठवत नाही कशाला म्हणता?" ती आत गेली. त्या दिवशी तिने त्यांना गोडबोले म्हणून हाक मारली नाही आणि ते त्यांना जास्तच लागलं.

कोर्टाची खोली लहान होती आणि बाकांना नवं व्हार्निश लावलेलं असल्यामुळे सगळे जरा चिकटून बसल्यासारखे बसले होते. म्हातारे पुढच्याच बाकावर होते. त्यांच्या शेजारी शाळेतली बाई बसली होती. पायात कुठलेतरी जुने, एका बाजूला कललेले बूट होते. गोडबोल्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण आखूड डावा पाय बघून ती कोण ते ओळखलं आणि लगेच नजर वळवली.

म्हाताऱ्यांच्या तरुण वकिलाने विचारलं, "कागदाच्या मागे काय लिहिलंय, असं माझ्या अशिलाने तुम्हाला विचारलं होतं का?"

"आठवत नाही."

"हे काचसामानासाठी आहे, असं तुम्ही म्हणालात का?"

"आठवत नाही."

"तुम्ही त्यांच्याबरोबर चहा घेतला होता, तेवढं तरी आठवतं?"

"नाही... म्हणजे आठवत नाही."

त्यांना सगळं आठवत होतं. चहात साखर जास्त पडली होती, हेसुद्धा. तोंडातून एकेक 'आठवत नाही' निघत होतं आणि कानांच्या पाळ्या तापत चालल्या होत्या. पण आवाज मात्र छान लागत होता. सवयीने गोडच लागत होता, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त किळस आली. वकीलबाईंनी समाधानाने मान हलवली. न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. प्रश्न संपले.

पिंजऱ्यातून उतरल्यावर त्यांना बाजूच्या टेबलाशी बोलावलं. कोर्टाच्या कारकुनाने साक्ष टाइप करून ठेवली होती. चांगला माणूस दिसत होता. गोडबोल्यांच्या कपाळावरचा घाम बघून त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, स्टूल ओढून दिलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारलेली होती.

"इथे एक सही करा, साहेब," तो मायेने म्हणाला. "काही नाही, नुसती फॉर्मॅलिटी."

गोडबोल्यांनी पेन उचललं होतं. ते तसंच हवेत राहिलं.

"मी जरा वाचू का?" त्यांनी विचारलं.

"वाचा की. तुमचंच आहे."

त्यांनी वाचलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यानंतर सहीचा कागद ते आज पहिल्यांदाच वाचत होते. 'साक्षीदारास आठवत नाही. साक्षीदारास आठवत नाही.' खाली खाली तेच. कागदावर ते इतकं उघडं दिसत होतं, की आपण हे बोललो तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला ते खोटं आहे हे कळलं असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. मागे काही नव्हतं.

"यावर मला सही करता येणार नाही," ते म्हणाले. आवाज फुटला होता. जरासाही गोड नव्हता.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं?"

"मला आठवतंय, मॅडम. त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, काचसामानासाठी आहे, तुमचं लाकडी आहे, नुसती फॉर्मॅलिटी. सगळ्यांनाच मी तसं सांगतो. आणि पाइप गळत होता तेही मला माहीत होतं. बादली मीच ठेवायला लावली होती."

मालकांनी कपाळाला हात लावला. वकीलबाईंनी पेनाचं टोपण हळू लावलं. गोडबोल्यांना फेरसाक्षीला उभं केलं, पुन्हा प्रश्न झाले, आणि तरुण वकील एकेक गोष्ट सोलून काढत असताना ते नुसतं "हो" म्हणत राहिले.

निकालात न्यायाधीशबाईंनी लिहिलं ते तरुण वकिलाने बाहेर म्हाताऱ्यांना सोप्या शब्दांत समजावलं, आणि गोडबोल्यांनी ते दोन बाकं सोडून ऐकलं. अट कंपनीने छापली. तिचा अर्थ कंपनीच्याच माणसाने सांगितला. ग्राहकाने तो खरा मानून सही केली. मग आता कंपनीला त्याहून मोठा अर्थ काढता येणार नाही. जेवढी सांगितली तेवढीच अट. काचसामान फुटलं असतं तर कंपनी सुटली असती. पण लाकडी पाय भिजले, ते कंपनीने भरून द्यायचे.

गोदामात गोडबोल्यांची एकदम वाहवा झाली. हमाल म्हणाले, "मानलं तुम्हाला! छातीठोक बोललात." शेजारच्या चहावाल्यानेही हात मिळवला. गोडबोल्यांना ते ऐकवेना. छाती कसली, कारकुनाने दुसरा कुठला शब्द वापरला असता तर त्यांनी सही ठोकली असती आणि घरी जाऊन जेवले असते. हे सांगावं तर लोक त्यालाही विनय समजायचे, म्हणून ते गप्प बसायला शिकले.

मालकांनी त्यांना काढलं नाही. काउंटरवरून मात्र उठवलं आणि मागे मोजदादीला बसवलं. तात्पुरता बांधून ठेवलेला पाइप निकालाच्या दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. भरपाईचा चेक तयार झाला तेव्हा मालकांनी त्यांनाच बोलावलं. "तुम्हीच घेऊन जा. पोच मिळाल्याची सही आणा." आवाज साधाच होता, पण शिक्षा म्हणून पाठवतायत हे दोघांनाही कळत होतं.

नवं दुकान रस्त्याच्या आतल्या अंगाला होतं. चामड्याचा आणि ताज्या लाकडाचा वास येत होता. कप्पे बहुतेक रिकामे होते, फक्त वरच्या फळीवर थोडे नवे, पांढुरके साचे. खुर्चीवर शाळेतली बाई बसली होती आणि म्हातारे जमिनीवर मांडी घालून तिच्या पायाभोवती कागद धरून पेन्सिल फिरवत होते. "पुन्हा तीन खेपा मारायला लावणार तुम्ही मला," ती म्हणत होती. गोडबोल्यांना दारात बघून ती बोलायची थांबली.

"या," म्हातारे म्हणाले.

गोडबोल्यांनी येताना वाटेत बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. "काका, मी चुकलो," एवढंच निघालं. "मी तुम्हाला फसवलं."

म्हाताऱ्यांनी पेन्सिल कानावर अडकवली. "तुम्ही तिरसटपणे बोलला असतात ना, तर मी चष्मा शोधून आणला असता," ते सावकाश म्हणाले. "पण तुम्ही इतकं छान बोललात. मला वाटलं, एवढ्या चांगल्या माणसापुढे कागद वाचत बसणं बरं दिसणार नाही."

गोडबोल्यांनी चेक दिला आणि पोचपावती पुढे केली. पेन्सिलची फुली मारली नव्हती. "इथे सही लागेल," ते म्हणाले आणि पुढे एक शब्दही बोलले नाहीत.

म्हातारे गुडघ्यावर हात टेकून उठले. उजेडासाठी दारात आले. चष्मा शर्टाच्या टोकाला नीट पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पावती वाचायला लागले. दोनच ओळी होत्या. त्यांनी ओळीखाली बोट धरून त्या वाचल्या, मग पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. बाई एक पाय उघडा टाकून ताटकळत होती. गोडबोले उभे होते, डाव्या टाचेवर भार टाकून. कंबर दुखत होती. म्हाताऱ्यांचं त्यांच्या बुटांकडे लक्ष गेलं नाही.

"मागे काही नाही ना?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"नाही, काका. मागे काही नाही."

म्हाताऱ्यांनी मान हलवली, आणि कागद उलटा करून बघितला.